नाही म्हणणाऱ्यांच्या कथा

नांदेडहून देगलूरला जाताना वाटेत नायगाव लागतं. गोदावरीच्या दक्षिणेचा हा मुलूख, पुढे थोड्याच अंतरावर तेलंगणाची हद्द. मराठीत तेलुगू आणि उर्दू सहज मिसळलेली. याच तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. १९७८ साली ते बिलोली तालुक्यात मोडत होतं. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर आठ दिवसांनी, ४ ऑगस्टला, टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचे हातपाय तोडून त्यांना जिवंत जाळण्यात आलं. पोचिराम मातंग समाजाचे होते. ते ‘जय भीम’ म्हणत, आणि ते म्हणणं त्यांनी सोडलं नाही.

जातिव्यवस्थेविरुद्ध उभ्या राहिलेल्या मराठी कथा-कादंबरीची ओळख करून देणारी ही पुस्तिका नायगावच्या वाचकांसाठी आहे, म्हणून तिची प्रस्तावना टेंभुर्णीपासूनच सुरू व्हायला हवी. विद्यापीठ तेव्हाच्या औरंगाबादला. टेंभुर्णीतल्या किती जणांनी त्याची पायरी चढली असेल? मग त्या नावासाठी गावातला माणूस गावातल्याच माणसाला जाळतो, हे घडतं कसं? वर्तमानपत्रांनी ठरावाची तारीख दिली, दंगलीचा आकडा दिला, मोर्चांच्या बातम्या दिल्या. पण ठरावाच्या आधीची पंचवीस-तीस वर्षं गावात काय साचत होतं, ते बातमीत मावत नाही. ते कथेत मावतं. ही पुस्तिका त्यासाठी.

साचत काय होतं ते आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतं. मेलेलं जनावर ओढायचं कुणी, मयताचा सांगावा पंचक्रोशीत न्यायचा कुणी, वरातीपुढे हलगी वाजवायची कुणी, हे जन्माआधीच ठरलेलं असे. बदल्यात खळ्यावरचं बलुतं आणि दारोदारची शिळी भाकरी. निजामाच्या राजवटीत याच्या जोडीला वेठ होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि त्याच्या आदल्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर वस्त्या-वस्त्यांमधून नकार यायला लागले. जनावर ओढणार नाही. भाकरी मागायला येणार नाही. गायरान कसू आणि पिकवून खाऊ. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा हा नकार राज्यभर तुरुंगापर्यंत गेला. प्रत्येक नकाराची गावाने मनात नोंद ठेवली. नामांतराच्या ठरावाने ती वसूल करण्याची संधी दिली. उभी पिकं गेली, घरं जळली, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्याच सुगावचे जनार्दन मवाडे त्यांतलेच एक.

जातीविरुद्धच्या आपल्या कथनसाहित्याचा गाभा मला या नकारात दिसतो. दु:खाचं वर्णन जुनं आहे आणि ते कुणालाही जमतं. दयाळू लेखकालाही जमतं. पण आपल्याला नेमून दिलेलं काम, नेमून दिलेली भाकरी, नेमून दिलेली मान खाली घालणं एखादा माणूस अमुक दिवशी नाकारतो, तेव्हा त्याच्या घरात, गल्लीत आणि चावडीवर काय काय हलतं, हे लिहायला ते आतून माहीत असावं लागतं. पुढच्या पानांतल्या कथा निवडताना मी हीच कसोटी लावली आहे.

ही परंपरा स्वातंत्र्यानंतर अचानक उगवली नाही. १८५५ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दु:खाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. सावित्रीबाईंचं माहेर असलेलं नायगाव साताऱ्याकडचं. आपलं नायगाव वेगळं, तरी त्या शाळेशी आपलं नातं आहे, कारण मुक्ताने विचारलेले प्रश्न इथल्या मांगवाड्यांत पुढे शंभर वर्षं तसेच पडून होते. धर्म कोणता, जमीन कुणाची, शिक्षण कुणासाठी, हे तिने चौदा वर्षांच्या आतबाहेरच्या वयात विचारलं होतं.

त्या प्रश्नांना कादंबरीचं अंग दिलं अण्णाभाऊ साठ्यांनी. १९२० मध्ये वाटेगावात जन्मलेला, शाळेचा वारा फारसा न लागलेला हा माणूस मुंबईच्या गिरणगावात वाढला आणि लिहीत गेला. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे, अशा आशयाचं त्यांचं तिथलं म्हणणं आजही सभांमधून सांगितलं जातं. पुढच्याच वर्षी ‘फकिरा’ आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात आपली माणसं उपाशी मरताना फकिरा हात जोडून बसत नाही, इंग्रजांच्या खजिन्यावर जातो. सरकारी दप्तराने ज्या जातीला जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तिच्यातला माणूस इथे नायक आहे. नांदेड-लातूरच्या मातंग वस्त्यांत १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती घरच्या सणासारखी होते, ती या कादंबऱ्या वाचल्या-ऐकल्या गेल्यामुळे.

पण या पुस्तिकेसाठी ‘फकिरा’पेक्षा मला त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा अधिक जवळची वाटते. भीमा गाव सोडून मुंबईजवळच्या खाणीवर दगड फोडायला येतो. खाण बंद पडते. स्मशानातल्या राखेत त्याला एक अंगठी सापडते आणि तेव्हापासून तो मढ्यांची राख चाळू लागतो, मग पुरलेली प्रेतं उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो प्रेताच्या तोंडातलं सोनं काढायला जातो आणि त्याची बोटं त्या जबड्यात अडकतात. बोटं जातात. नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते, आणि दगड फोडायला त्याच्याकडे हात उरलेला नसतो. या कथेत जातीचा उल्लेख शोधावा लागतो. तरी ती जातीची कथा आहे, कारण जगण्याच्या उतरंडीत तळाशी ढकललेल्या माणसाला मेलेल्यांकडूनच उधार घ्यावं लागतं, हे ती सांगते. नकार द्यायलाही पोटात काहीतरी असावं लागतं, आणि भीमाजवळ तेवढंही नाही.

बंधुमाधवांची ‘विषारी भाकरी’ वाचताना नायगावच्या वाचकाला खळं आणि पाटील ओळखीचे वाटतील. म्हातारा येताळ्या नातवाला घेऊन पाटलाच्या खळ्यावर राबायला जातो. नातू शिकलेला आहे, तो पाटलाला उलट प्रश्न विचारतो. पाटील चिडतो आणि धान्य देत नाही. शेवटी म्हातारा बैलांच्या पायदळी, शेणामुतात पडलेले शिळ्या भाकरीचे तुकडे गोळा करून घरी आणतो. ते खाऊन त्याचा जीव जातो, आणि जाताना तो नातवाला बजावतो की या बलुत्याच्या भाकरीवर जगू नकोस. कथा साधी आहे, काही ठिकाणी भाषणाकडे झुकणारी आहे. तरी तिच्यात एक गोष्ट पक्की पकडली आहे. पाटलाचा राग कामावर नाही, नातवाच्या प्रश्नावर आहे. प्रश्न विचारला नसता तर भाकरी मिळाली असती. आणि तीच भाकरी पिढ्यान्‌पिढ्या मान वाकवत आली आहे, हे म्हाताऱ्याला मरताना कळतं.

बाबुराव बागूल आले आणि कथेचा आवाजच बदलला. १९६३ साली त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह निघाला आणि १९६९ मध्ये ‘मरण स्वस्त होत आहे’. पहिल्या संग्रहाच्या शीर्षककथेतला नायक सुरतजवळच्या उधन्याला रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो. कविता करणारा, देशावर आणि नव्या राज्यघटनेवर भाबडा विश्वास असलेला तरुण. राहायला खोली मिळावी म्हणून तो जात सांगत नाही. लोक त्याला मान देतात, कौतुक करतात. त्याच्याच जातीचा काशिनाथ मात्र काहीच लपवत नाही, तो चाकू बाळगतो आणि शिवी दिली की अंगावर जातो. जात उघडी पडते तेव्हा नायकाला बेदम मार बसतो आणि काशिनाथच त्याला सोडवतो. मला या लोकांनी मारलं नाही, मनूने मारलं, असं नायक काशिनाथला शेवटी सांगतो. त्या क्षणी कथा बदल्याच्या पलीकडे जाते. बागूल मारणाऱ्याला सोडून देत नाहीत, पण त्याच्या हातामागे कोण उभं आहे तेही दाखवतात. हा मोठेपणा मला आपल्या भाषेतल्या फार थोड्या कथाकारांत दिसतो.

वामन होवाळांच्या ‘माडी’वर इथे थोडं थांबायला हवं. टेंभुर्णीच्या सर्वांत जवळ जाणारी कथा मला तीच वाटते. बयाजी आयुष्यभर मुंबईच्या गोदीत राबून गावी परततो. गाठीला चार पैसे आहेत, गावात माडीचं घर बांधायची हौस आहे. पाटील त्याला समजावतो, साधं घर बांध, पाटलाच्या वाड्याशी बरोबरी कशाला? बयाजी वरवर ऐकतो आणि घराच्या पोटातच छोटी माडी काढतो. वास्तुशांतीच्या रात्री भजन चालू असताना घर पेटवलं जातं आणि बयाजी त्यात भाजून मरतो. शेवटची इच्छा विचारल्यावर तो माडीच मागतो. दुसऱ्या दिवशी त्याचे मुलगे कुदळ-फावडं घेऊन नव्या घराचा पाया खोदायला लागतात, आणि घर माडीचंच बांधायचं असतं.

बयाजीने कुणाची जमीन बळकावली नव्हती, कुणाला शिवी दिली नव्हती. फक्त घराची उंची वाढवली. टेंभुर्णीच्या पोचिरामांनीही कुणाचं काही घेतलं नव्हतं. त्यांच्या तोंडी एक अभिवादन होतं, आणि ते गावाच्या उतरंडीत बसत नव्हतं. कथा लिहिणाऱ्याला पोचिरामांचं नाव माहीत असण्याची गरज नव्हती, कारण दोन्हीकडे तेच गाव आहे आणि पेटवणाऱ्याचं कारणही तेच.

हे सगळं घडत असताना मराठवाड्याला आपली साहित्यभूमी मिळाली ती औरंगाबादच्या नागसेनवनात. बाबासाहेबांनी १९५० साली तिथे मिलिंद महाविद्यालय काढलं. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी स्थापन झालं, हे नामांतराच्या वादात फार कमी जणांनी लक्षात घेतलं. मिलिंदमध्ये म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्याभोवती शिकणारी-लिहिणारी पोरं जमली, आणि पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ या त्रैमासिकाने खेड्यापाड्यांतून आलेल्या हस्तलिखितांना दार उघडलं. मराठवाड्यातल्या मुलाला पुण्या-मुंबईच्या मासिकांकडून परत आलेली कथा पुन्हा पाठवायला एक पत्ता मिळाला. अविनाश डोळसांचा ‘महासंगर’, योगीराज वाघमाऱ्यांचा ‘उद्रेक’ हे संग्रह याच पिढीचे. १९७२ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली. मुंबईत त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली, तिच्यामागच्या कारणांत ब्राह्मणगाव होतं. म्हणजे मराठवाड्याने या चळवळीला वाङ्मयाची जागा दिली आणि तिच्या संतापाचं कारणही दिलं.

मराठवाड्याच्या ग्रामीण कथेकडे या नजरेने पाहिलं तर आनंद होतो आणि अडचणही जाणवते. लातूरकडच्या रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ १९७१ ची. शिंप्याच्या घराची पडझड तिथे त्याच्या बायकोच्या तोंडून येते, आणि गावातला बळी तो कान पिळी हा कारभार अलुतेदारालाही कसा चिरडतो ते दिसतं. भास्कर चंदनशिवांनी बाजाराने नागवलेला शेतकरी ‘लाल चिखल’मध्ये उभा केला. परभणीचे आसाराम लोमटे तर ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या राजकारणात सत्ता कुठे मुरते ते अचूक दाखवतात. त्यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा या भागाच्या कथेला उशिरा का होईना दाद मिळाली. पण एकूण ग्रामीण कथेत गावकूस ओलांडून पलीकडे जाणारी पावलं मोजकीच. शेतकऱ्याचं दु:ख खरं होतं. त्या दु:खी शेतकऱ्याच्याच खळ्यावर दुसरा कुणी अपमान गिळत उभा आहे, हे त्या कथेने पुष्कळदा पाहिलं नाही. ग्रामीण आणि दलित अशा दोन खोल्या आपण समीक्षेत करून ठेवल्या, त्याचाही हा परिणाम.

दुसरी अडचण आत्मकथनांच्या यशाने आणली. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं, त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मापासून आरोपी केलं त्यांचं घर आपण पहिल्यांदा आतून पाहिलं. हे पुस्तक थोर आहे, याविषयी शंका नको. पण त्यानंतर दलित लेखकाकडून सगळ्यांना साक्षच हवी होती. तुझं काय झालं ते सांग, असं त्याला विचारलं गेलं. तुला गाव कसं दिसतं, पाटलाच्या मनात त्या रात्री काय होतं, हे कुणी विचारलं नाही. कथा लिहिणारा पाटलाच्या डोक्यातही शिरू शकतो, आणि होवाळ-बागूल शिरले. साक्षीदाराला ती मुभा नसते. म्हणून कथेचा मान आत्मकथनाखाली झाकला जाऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

शेजारच्या भाषांकडे पाहिलं तर हा फरक आणखी ठळक होतो. प्रेमचंदांच्या ‘ठाकूर का कुआँ’ मधली गंगी आजारी नवऱ्यासाठी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते आणि चाहूल लागताच दोर टाकून पळते. नवरा तेच घाण पाणी पीत बसलेला असतो. १९३२ ची ही कथा मोठीच आहे, पण तिथे नकार मनातल्या मनात राहतो. कन्नडमध्ये अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ने १९६५ साली अग्रहाराचं सोवळं आतून पोखरून दाखवलं. ते काम तिथल्याच माणसाने करावं हे योग्य झालं, तरी त्या कादंबरीतली गावकुसाबाहेरची माणसं दूरच राहतात. आपल्या हद्दीपलीकडच्या तेलुगूत जी. कल्याणराव यांच्या ‘अंटरानी वसंतम्’ने २००० साली एका अस्पृश्य घराण्याच्या अनेक पिढ्या नाच-गाण्यासकट कादंबरीत आणल्या. नायगाव-देगलूरकडे तेलुगू कानावर पडत असते. इथल्या कुणी ही कादंबरी मुळातून वाचून मराठीत चर्चा करावी, इतकी ती आपल्या जवळची आहे.

स्त्रियांचं काय, हा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे. सुरुवातीच्या दलित कथेत बाई बहुधा अत्याचाराचं स्थळ म्हणून येते. बागुलांच्या बायका त्याला अपवाद आहेत, त्या भांडतात. पण बाईने बाईच्या जिभेने बोलणं ऊर्मिला पवारांपासून पक्कं झालं. ‘सहावं बोट’ १९८८ चं, ‘चौथी भिंत’ १९९० चं. त्यांच्या ‘कवच’ या कथेत आंबे विकायला बसलेल्या आईला बाजारातले टगे द्वयर्थी बोलतात आणि शाळकरी मुलगा शरमेने मेल्यासारखा होतो. आई मात्र शरमत नाही, शब्दाला शब्द देते. मुलाला ज्याची लाज वाटते तेच तिचं कवच असतं. कोकणातली कथा आहे, पण नायगावच्या आठवडी बाजारात ती तशीच घडू शकते.

नांदेडच्या दत्ता भगतांनी कथेऐवजी नाटक निवडलं. त्यांच्या ‘वाटा पळवाटा’त काका, सतीश आणि अर्जुन या तीन पिढ्या चळवळीची दिशा कोणती यावर एकमेकांशी झुंजतात. आपल्याच घरातल्या मतभेदांकडे एवढ्या धीटपणे पाहणारी कलाकृती गद्यात मिळायला हवी होती. विशेषत: महार आणि मातंग यांच्यातलं अंतर, त्यातले टोमणे, लग्नसंबंध, सवलतींवरून झालेले वाद. नामांतर हा एकाच जातीचा प्रश्न आहे असं जे म्हणत होते, त्यांना टेंभुर्णीच्या मातंग हुतात्म्याने १९७८ सालीच उत्तर दिलं होतं. कथाकार त्या उत्तरापाशी पुरेसे थांबले नाहीत असं माझं मत आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात. ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरहून जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च औरंगाबादकडे निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वत:ला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघालं. हा विषय संपला असं ज्यांना वाटतं त्यांनी २०२३ च्या १ जूनला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत काय झालं ते आठवावं. एका तरुणाचा खून झाला, आणि भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता असं फिर्यादीत म्हटलं होतं.

आता या पुस्तिकेच्या वाचकाला, विशेषत: नायगाव, बिलोली, देगलूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना, दोन विनंत्या. पुढच्या पानांत या कथांची फक्त ओळख आहे. मूळ पुस्तकं ग्रंथालयातून मिळवा आणि निदान ‘माडी’ तरी चारचौघांत मोठ्याने वाचा, त्यात पाटलाच्या आळीतली मुलंही असू द्या. आणि दुसरी, १९७८ साली जे अठरा-वीस वर्षांचे होते ते आज साठी-पासष्टी ओलांडून गेलेले आहेत. कुणी जळणारं घर पाहिलं, कुणी शेजाऱ्याला कणगीत लपवलं, कुणी गप्प बसलं. त्यांच्याकडे जा, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, आणि त्यातून कथा लिहा. हे काम पुण्या-मुंबईचा लेखक येऊन करणार नाही, ते तुम्हालाच करावं लागेल.